दोन पेठांमधली पांढरी रेघ

व्हेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार वापरून, संगणकावर चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही रेघ कधी ना कधी येते. दोन आकार कडेला कड लावून ठेवलेले असतात, मधे फट राहायला जागाच नसते, आणि तरी स्क्रीनवर त्यांच्यामधून केसाएवढी पुसट रेघ जाते. मागचा कागद पांढरा असेल तर पांढरी, काळा असेल तर काळी. एकदा दिसली की नजर दुसरीकडे ठरत नाही. चित्र बाजूला राहतं आणि माणूस त्या रेघेच्या मागे लागतो.

मला तिने सगळ्यात जास्त छळलं ते पेठांच्या नकाशात. शाळकरी मुलांच्या एका पुस्तकासाठी पुण्याच्या जुन्या पेठा रंगवायच्या होत्या. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार. एकेक पेठ म्हणजे एकेक बंद आकार, आणि प्रत्येकीला वेगळा रंग. हद्दी मी एकदाच आखल्या होत्या आणि दोन्ही बाजूंचे आकार त्याच एका रेषेवर कापले होते. नारायण पेठेची कड संपते तिथेच सदाशिव पेठेची सुरू होते, एका नोडचाही, म्हणजे कड ज्या बिंदूंवर बेतलेली असते त्यातल्या एकाचाही, फरक नाही. तरी त्या दोघींच्या मधून रेघ गेलीच. शनिवार आणि नारायणच्या मधून गेली, बुधवार आणि शुक्रवारच्या मधून गेली. संपूर्ण नकाशा बारीक तडे गेल्यासारखा दिसायला लागला.

अशा वेळी आधी काय करायचं, हे मी आता बरोबर काम करणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगते. रेघ दिसते तिथे झूम वाढवत न्या. फट खरी असेल तर ती झूमबरोबर रुंदावते. पुरेसं जवळ गेलं की तिच्यात बोट जाईल एवढी होते आणि दोन नोड वेगवेगळ्या जागी बसलेले स्पष्ट दिसतात. फट खोटी असेल तर रेघ आहे तेवढीच राहते. शंभर टक्क्यांना एक पिक्सेल, सहाशे टक्क्यांनाही एकच पिक्सेल. एखाद्या झूमला ती गायब होते आणि पुढच्याला परत येते. खरी फट चित्रात असते, खोटी फट ते चित्र रंगवून दाखवण्याच्या पद्धतीत. खऱ्या फटीचं औषध सोपं: स्नॅप (बिंदू आपोआप चिकटवणारी सोय) चालू करा, नोड एकावर एक बसवा, झालं. पण खोट्या फटीवर लोक हेच औषध देत बसतात. आधीच तंतोतंत जुळलेल्या कडा आणखी जुळवायला जातात, आणि त्यात संध्याकाळ जाते.

खोट्या फटीची मेख समजायला एकच पिक्सेल पुरतो. स्क्रीन म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. तिरकी कड तिच्यातून जाते तेव्हा वाटेतले चौकोन अर्धेमुर्धे झाकले जातात. चौकोनाचा अर्धाच भाग रंगवणं स्क्रीनला जमत नाही, त्यामुळे प्रोग्राम त्या चौकोनात आकाराचा रंग निम्मा आणि मागचा निम्मा मिसळतो. हेच अँटी-अलायसिंग. तिरक्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या न दिसता गुळगुळीत दिसतात त्या याच्याच जिवावर. आकार एकटा असेपर्यंत यात काहीच वावगं नाही.

आता त्याच चौकोनात दोन आकारांची हद्द येऊ द्या. डावा अर्धा भाग एका पेठेचा, उजवा अर्धा दुसरीचा. हिशोब सोपा व्हावा म्हणून दोन्ही पेठा काळ्या धरू आणि कागद पांढरा. पांढरा म्हणजे २५५, काळा म्हणजे ०. पहिली पेठ आली, तिने चौकोन निम्मा झाकला. चौकोन साधारण १२८ वर आला. दुसरी पेठ आली, तिनेही निम्मा झाकला. पण कशाचा निम्मा? समोर असलेल्या १२८ चा. म्हणून चौकोन ६४ वर थांबला. तो ० व्हायला हवा होता. दोन्ही आकारांनी मिळून चौकोन पूर्ण झाकला असं भूमिती सांगते, आणि तरी पाव भाग कागद खालून डोकावत राहतो. ती आपली रेघ.

असं होतं याचं कारण प्रोग्रामला फक्त ‘निम्मा झाकला’ एवढंच आठवतं. कोणता निम्मा, ते आठवत नाही. लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये चित्रांवर चित्रं चढवण्याचं गणित मांडलं, ते आजही सगळीकडे चालतं. त्या गणितात अर्धपारदर्शक काच आणि अर्धाच झाकलेला चौकोन यांच्यासाठी एकच आकडा असतो. काचेच्या बाबतीत तो आकडा खरा आहे: निम्मा उजेड अडवणाऱ्या दोन काचा एकावर एक ठेवल्या तर पाव उजेड पलीकडे जातोच. पण शेजारी शेजारी असलेल्या दोन पेठा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा नव्हेत. चित्रं काढायचे प्रोग्राम म्हणून इलस्ट्रेटर घ्या, कोरल घ्या, इंकस्केप घ्या किंवा ब्राउझरमध्ये उघडलेली एसव्हीजी ही व्हेक्टर फाइल घ्या, बहुतेक ठिकाणी आकार एकामागून एक याच रीतीने रंगवले जातात. म्हणून एका प्रोग्रामला वैतागून दुसऱ्याकडे गेलं तरी रेघ सोबत येते.

या हिशोबात आणखी एक गंमत आहे. हद्द चौकोनाच्या मधोमध असेल तर कागद पंचवीस टक्के झिरपतो. तीस-सत्तर अशी वाटणी असेल तर एकवीस टक्के. आणि हद्द बरोबर दोन चौकोनांच्या सीमेवर पडली तर काहीच झिरपत नाही. म्हणून सरळ उभ्या-आडव्या कडा पूर्ण आकड्यांवर बसवल्या की त्यांच्यातली रेघ जाते. आयकॉन काढणारे लोक पिक्सेल ग्रिडला एवढे चिकटून असतात त्याचं हे एक कारण. तिरक्या कडेला मात्र ही सोय नाही. तिच्या वाटेतल्या प्रत्येक चौकोनात वाटणी वेगळी, त्यामुळे रेघ कुठे ठळक, कुठे पुसट, मणी ओवल्यासारखी दिसते. पेठांच्या नकाशात सरळ कड शोधून सापडत नाही. बोळ वळतो तशी हद्द वळते. म्हणून तिथे रेघांचं एवढं पीक.

अँटी-अलायसिंग बंद करून टाकावं, हा पहिला विचार प्रत्येकाच्या मनात येतो. इंकस्केपमध्ये तसा पर्याय आहे, एसव्हीजीमध्ये प्रत्येक आकाराला ‘क्रिस्प एजेस’ सांगता येतं. रेघ जाते, पण कडा करवतीसारख्या होतात. मात्र त्याच गोष्टीचा एक उपयोग फार चांगला आहे. तुम्हाला शेवटी पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं चित्रच, हवी असेल तर अँटी-अलायसिंग बंद ठेवून चित्र चौपट मोठं एक्सपोर्ट करा आणि मग पावपट लहान करा. लहान चित्रातल्या एका पिक्सेलच्या जागी मोठ्यात सोळा ठिपके असतात. प्रत्येक ठिपका या पेठेचा किंवा त्या पेठेचा, अर्धामुर्धा कुणीच नाही. त्या सोळांची सरासरी काढली की कड गुळगुळीत होते आणि कागदाला आत शिरायला वावच मिळत नाही. इलस्ट्रेटरमध्ये एक्सपोर्ट करताना ‘आर्ट ऑप्टिमाइझ्ड’ नावाचा पर्याय दिसतो, त्याच्यापुढे सुपरसॅम्पलिंग असं लिहिलेलं असतं. त्याची चाल हीच.

पण ज्याला व्हेक्टर फाइलच द्यायची आहे, त्याच्यासाठी एकच खरा उपाय: कडेला कड लावणं सोडून द्यायचं. जुन्या वाड्यावर कौलं कुणी कडेला कड भिडवून घालत नाही. वरचं कौल खालच्यावर चढवतात, तेव्हा पाऊस बाहेर राहतो. आकारांचंही तसंच करायचं. दोन शेजाऱ्यांपैकी एकाला थोडं खाली सरकवायचं, दुसऱ्याने त्याच्यावर चढायचं. हद्द दिसते ती फक्त वरच्याची. त्या हद्दीवरचा चौकोन रंगवताना खाली कागद नसतो, शेजाऱ्याचा रंग असतो. मग पाव टक्काही कागद वर येत नाही.

हे करायच्या रीती अनेक आहेत आणि त्या सगळ्या मला सारख्याच आवडतात असं नाही. सगळ्यात झटपट म्हणजे संपूर्ण नकाशाखाली एक मधल्या छटेचा आकार ठेवणं. रेघ जात नाही, पण पांढऱ्याऐवजी त्या छटेची होते आणि लोकांच्या लक्षात येत नाही. घाईच्या वेळी ठीक. दुसरी, प्रत्येक आकाराला त्याच्याच रंगाची बारीक आउटलाइन देणं. नकाशासाठी मी हीच वापरते. आउटलाइन कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी पसरते, म्हणून एक पिक्सेल दिली तर शेजाऱ्याच्या हद्दीत अर्धा पिक्सेल जाते. कोपरे गोल ठेवायचे, नाहीतर टोकदार कोपऱ्यांतून काटे बाहेर येतात. तिसरी रीत कष्टाची: खालच्या आकाराचे नोड हाताने शेजाऱ्याच्या खाली ओढायचे. माणसाचा चेहरा, साडीचे पदर, डोंगरांच्या रांगा अशा चित्रांत मला हीच पटते, कारण आउटलाइनने बारीक टोकं जाड होतात आणि हाताने ओढलं तर दिसणारी कड जशी काढली तशीच राहते.

फोटोवरून ट्रेस करणाऱ्यांनी, म्हणजे प्रोग्रामकडून फोटोचे आपोआप आकार करून घेणाऱ्यांनी, तर आधी सेटिंगच बघावं. इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये ‘अबटिंग’ आणि ‘ओव्हरलॅपिंग’ असे दोन पर्याय असतात. पहिला कडेला कड कापतो, दुसरा थर एकावर एक रचतो. इंकस्केपच्या ट्रेसमध्ये ‘स्टॅक’ची खूण असते. ती खूण केली की निम्म्या रेघा जन्मालाच येत नाहीत.

एका गोष्टीसाठी मात्र जपावं लागतं. रंग अर्धपारदर्शक असतील तर एकावर एक चढवलेल्या पट्टीत दोन्ही रंग साठतात आणि पांढऱ्या रेघेच्या जागी काळपट रेघ उभी राहते. तिथे आकारांना पूर्ण भरीव रंग द्यायचा आणि पारदर्शकता सगळ्या ग्रुपला मिळून द्यायची. आणि मूळ फाइल? ती तंतोतंतच ठेवायची. उद्या कुणी एकट्या सदाशिव पेठेचा आकार मागितला तर तो शेजारणीच्या अंगणात घुसलेला देऊन चालत नाही. आउटलाइन, खालचे थर, जे काही करायचं ते प्रतीवर. सगळे आकार वेल्ड करून, म्हणजे जोडून एकच आकार करून, मोकळं होण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. एकाच रंगाच्या तुकड्यांना तो बरोबर आहे, नकाशाला नाही.

हे सगळं स्क्रीनवाल्यांच्या आधी छापखान्यातल्या लोकांना ठाऊक होतं. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मशीनवरच्या काकांनी मला ते भिंगाखाली दाखवलं. माझंच काम होतं, निळ्या चौकटीत लाल पतंग.

“ताई, तुमचं कडेला कड आलंय,” ते म्हणाले. “कागद पाणी पितो. पहिल्या रंगाला असतो तेवढा शेवटच्या रंगाला राहत नाही. वाढतो. आमच्या दोन रंगी मशीनवर तो दोनदा जाणार. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसायची जागा, हललं केसभर की तुमच्या पतंगाला पांढरी कड.”

“मग किती चढवायचं?”

“पाव पॉइंट बास. आणि फिकट रंग गडदच्या खाली सरकवा. गडदच्या कडेला हात लावायचा नाही.”

पाव पॉइंट म्हणजे जेमतेम ०.०९ मिलिमीटर. एवढ्याशा चढणीला ट्रॅपिंग म्हणतात. फिकट रंग का सरकवायचा, हे भिंगातून पाहिल्यावर लगेच कळतं: डोळा आकार ओळखतो तो गडद रंगाच्या कडेवरून. गडद जाड झाला तर आकार सुजतो, फिकट खाली गेला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. काळा मजकूर तर खालचा रंग न कापताच त्याच्यावर छापतात, ओव्हरप्रिंट. आणि दोन शेजारी रंगांत एखादी शाई समान असेल, म्हणजे हिरवा आणि लाल दोन्हींत पिवळा असेल, तर रजिस्टर हललं तरी मधे पांढरं दिसत नाही, पिवळसर दिसतं. रंग निवडतानाच हा विचार केला तर पुढची निम्मी कटकट वाचते. पतंगाच्या निळ्या-लालमध्ये ती सोय नव्हती, म्हणून तिथे चढण द्यावीच लागली.

काकांची ही फट खरी असते, कागदाच्या हालण्यातून आलेली. स्क्रीनवरची खोटी रेघ छापताना बहुतेक वेळा उमटतच नाही, आणि याचंही कारण सुंदर आहे. छपाईला पानं ज्या रूपात जातात त्या पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ यांच्या नियमानुसार आकाराचा ज्या ठिपक्याला जरासाही स्पर्श होतो तो ठिपका पूर्ण रंगवायचा. प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर इंचाला २४०० ठिपके असतात आणि तिथे अर्धा ठिपका ही भानगड नसते. हद्दीवरचा ठिपका दोन्ही शेजारी रंगवतात. म्हणजे एकमेकांवर चढणं तिथे नियमातच लिहिलेलं आहे. म्हणून गिऱ्हाईक फोनवर सांगतं की पीडीएफमध्ये रेघा दिसतात, तेव्हा मी आधी अ‍ॅक्रोबॅटच्या सेटिंगमधलं ‘स्मूद लाइन आर्ट’ बंद करून बघायला सांगते. रेघ गेली तर ती छपाईत येणार नाही. पारदर्शकता सपाट करताना, म्हणजे पारदर्शक भाग साध्या भरीव रंगांत बदलताना, चित्राचे तुकडे पडतात, त्यांच्या सांध्यांतल्या रेघाही अशाच जातात.

आणि आपल्या लिपीत तर हा प्रश्न पहिल्या अक्षरापासून आहे. रोमन अक्षरं एकमेकांपासून सुटी उभी राहतात, देवनागरीला शिरोरेषा जोडावी लागते. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं. अशा जुन्या वाचनालयातलं खिळे, म्हणजे शिशाचे अक्षरठसे, जुळवून छापलेलं एखादं पुस्तक उघडा आणि एकाच ओळीकडे नीट बघा. शब्दाच्या डोक्यावरची रेघ अखंड नसते. अक्षर संपतं तिथे बारीकशी चीर, पुढचं अक्षर सुरू, पुन्हा चीर. शिशाचा खिळा शिशाच्या खिळ्याला कितीही घट्ट भिडवला तरी दोन धातूंच्या कडा एक होत नाहीत, आणि झिजलेल्या खिळ्याचा कोपरा गोलावला की चीर आणखी उघडते. खिळे जुळाऱ्याच्या हाती त्यावर इलाज नव्हता. एक खिळा दुसऱ्यावर चढवायचा कसा?

संगणकावरच्या फॉन्टमध्ये तो चढवता आला. आजच्या कुठल्याही चांगल्या देवनागरी फॉन्टमधलं ‘क’ उघडून बघा. त्याची शिरोरेषा अक्षराच्या ठरलेल्या जागेत संपत नाही, थोडीशी पुढे जाते, आणि पुढचं अक्षर तिच्यावर येऊन बसतं. ‘कमल’ लिहिलं की तीन अक्षरांच्या तीन रेघा एकमेकींत शिरलेल्या असतात, आणि आपल्याला वाचताना एकच रेघ दिसते. फॉन्ट काढणाऱ्याने ती तेवढीशी लांबी दिली नसती तर प्रत्येक मराठी शब्द स्क्रीनवर जुन्या पुस्तकासारखाच चिरलेला दिसला असता. हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा पुढचे कित्येक दिवस मी फॉन्ट उघडून फक्त शिरोरेषांची टोकं बघत होते. कुणी सरळ कापलेली, कुणी गोल, कुणी दोन्ही बाजूंना ठेवलेली, कुणी एकाच. मराठीत काम करणाऱ्या चित्रकाराने ही टोकं एकदा तरी बघावीत असं मला मनापासून वाटतं.

हीच चढण रस्त्यावर मात्र उघडी पडते. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याने जाताना फ्लेक्स बघा. मंडळाचं नाव मोठ्या ठळक अक्षरात, लाल रंगात, त्याला पांढरी आउटलाइन. आणि शिरोरेषेत प्रत्येक दोन अक्षरांच्या मधे उभ्या पांढऱ्या काड्या. फॉन्टने प्रेमाने लपवलेला सांधा आउटलाइनने मोजून दाखवलेला असतो, कारण आउटलाइन प्रत्येक अक्षराला वेगळी बसते आणि एकमेकांत शिरलेली टोकंही रंगवते. आपली अक्षरं एवढ्या मोठ्या आकारात, एवढ्या लोकांसमोर तुटलेली दिसतात याचं मला वाईट वाटतं, कारण दुरुस्ती अगदी सोपी आहे.

कोरलमध्ये काम करणारे अनुभवी ऑपरेटर मजकूर कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करतात, वेल्ड करतात आणि मग आउटलाइन देतात. सगळी अक्षरं मिळून एकच आकार होतो, काड्या जातात. शेवटच्या प्रतीसाठी हे उत्तम. पण कर्व्ह केलेल्या मजकुरात वेलांटी चुकली तर पुन्हा टाइप करण्यापासून सुरुवात. म्हणून मी दोन प्रती ठेवते. खालच्या प्रतीला जाड पांढरी आउटलाइन, वरच्या प्रतीला आउटलाइन नाहीच, फक्त लाल रंग. वरच्या प्रतीतल्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि खालच्या काड्या पूर्ण झाकतात. बाहेर दिसते ती फक्त कडेची पांढरी किनार. आउटलाइनचा आत जाणारा अर्धा भागही वरची प्रत झाकते, त्यामुळे अक्षरं बारीक होत नाहीत. मजकूर शेवटपर्यंत मजकूरच राहतो. दोन्ही प्रती एकाच ग्रुपमध्ये ठेवाव्यात आणि दुरुस्ती आली की दोन्हींत करावी, कारण आयत्या वेळी अध्यक्षांचं नाव बदलतं, वरच्या प्रतीत नवं येतं आणि खालच्या पांढऱ्या किनारीत जुनंच राहून जातं.